विंडोज सुरूच होत नाही. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून आतले फोटो काढता येतील का?

हो, बहुतेक वेळा येतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉप सुरू केला की कंपनीचं नाव येतं, खाली ठिपके फिरत राहतात, पुढे काहीच होत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. आत मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत. तुम्ही उबंटूची (विंडोजसारखीच, पण फुकट आणि पेनड्राइव्हवरूनही चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आयएसओ फाइल, म्हणजे सगळी सिस्टिम एकाच फाइलमध्ये बांधलेली प्रत, डाउनलोड करून पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण लॅपटॉप त्या पेनड्राइव्हची दखलच घेत नाही.

सगळ्यात आधी, फॉरमॅटला हो म्हणू नका. विंडोज बिघडणं वेगळं आणि डिस्क बिघडणं वेगळं. विंडोज उठत नसलं तरी फोटो बहुधा जागच्या जागी सुखरूप असतात. ते बाहेर काढायच्या आधीच फॉरमॅटची भाषा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण गिऱ्हाइकाला त्यातला धोका कुणी समजावून सांगत नाही. मात्र डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, तर लॅपटॉप पुन्हा चालूच करू नका. तिथे प्रत्येक वेळी सुरू करण्यात नुकसान वाढतं. ते काम डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

आता पेनड्राइव्ह का चालला नाही ते. लॅपटॉप सुरू होताना त्यातलं यूईएफआय (विंडोजच्याही आधी चालणारा, लॅपटॉपमध्येच बसवलेला छोटा प्रोग्राम) पेनड्राइव्हवर ठरावीक जागी ठरावीक फाइल शोधतं: 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'बूट' फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल. तुम्ही आयएसओ नुसती कॉपी केलीत, म्हणजे हे सगळं एका मोठ्या फाइलच्या पोटात राहिलं. यूईएफआय तिच्या आत डोकावत नाही. म्हणून आयएसओ कॉपी न करता 'राइट' करावी लागते, म्हणजे तिच्या आतलं सगळं पेनड्राइव्हवर उलगडून मांडावं लागतं.

दुसऱ्या कुणाच्या तरी विंडोज कॉम्प्युटरवर रुफस हा फुकट प्रोग्राम घ्या. पेनड्राइव्ह ८ जीबीचा किंवा मोठा हवा, आणि त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे धरून चाला. रुफसमध्ये पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीम (पेनड्राइव्हची आतली मांडणी) जीपीटी ठेवा आणि स्टार्ट करा. मध्येच आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं, तर आधीच निवडलेला पर्याय तसाच राहू द्या. लॅपटॉप फार जुना, साध्या बायोसचा (यूईएफआयच्या आधीच्या पद्धतीचा) असेल तरच जीपीटीऐवजी एमबीआर. काम झालं की पेनड्राइव्ह उघडून बघा. 'ईएफआय' फोल्डर दिसला आणि त्यात वर सांगितलेली फाइल सापडली, की पेनड्राइव्ह तयार.

मग लॅपटॉपचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि तो पूर्ण बंद करा. पेनड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच बूट मेन्यूची (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीची) की टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होत बहुधा एफ१२, एचपीत एस्केप आणि मग एफ९, असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ१२च, पण तो बऱ्याचदा बंद ठेवलेला असतो. एफ२ दाबून सेटिंगमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो. यादीत पेनड्राइव्हचं नाव दिसलं की ते निवडून एंटर.

इथे बरेच जण यूट्यूब बघून सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सिस्टिमच सुरू होऊ देणारी सुरक्षा) बंद करून टाकतात. उबंटूला त्याची गरज नाही, तो सिक्युअर बूट चालू असतानाही उठतो. उगाच बदल केलात तर पुढे विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. तशीही ती की आधीच शोधून ठेवा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क मालकाच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे अशी कुलूपबंद असते. मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात गेलात की लॅपटॉपच्या नावासमोर ती की मिळते. की नसेल, तर एन्क्रिप्ट झालेल्या डिस्कवरचे फोटो कुणालाच काढता येणार नाहीत.

उबंटू उठल्यावर 'ट्राय उबंटू' निवडा. 'इन्स्टॉल' अजिबात नको, त्यात डिस्क पुसायचा पर्याय असतो. ट्राय केलं की उबंटू पेनड्राइव्ह आणि रॅमवर चालतो, आतल्या डिस्कवर स्वतःहून काही लिहीत नाही. फाइल्स उघडा, डावीकडे तुमची डिस्क दिसेल. त्यावर क्लिक केल्यावर पासवर्ड मागितला, तर तीच ४८ आकडी की मधल्या रेघांसकट टाका. मग यूजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात पिक्चर्स. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि वनड्राइव्ह हे फोल्डरही बघा. आपल्याकडे निम्मे फोटो तिथेच पडलेले असतात. सगळं वेगळ्या एक्सटर्नल डिस्कवर कॉपी करा. कॉपी झाल्यावर मधलेअधले काही फोटो आणि व्हिडिओ त्या डिस्कवरून उघडून बघा, नुसत्या फाइलींच्या नावांवर विसंबू नका.

डिस्क दिसलीच नाही, तर बायोस सेटिंगमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच उघडणाऱ्या त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज, म्हणजे डिस्क जोडायची पद्धत, 'आरएसटी' किंवा 'रेड'वर आहे का बघा. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये त्यामुळे उबंटूला डिस्क सापडत नाही. ते 'एएचसीआय' करून बघता येतं, पण आधीच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि काम झाल्यावर तेच परत लावा. नाहीतर पुढे विंडोज दुरुस्त झालं तरी अडून बसेल.

विंडोजचं बघायचं ते यानंतर. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने दुसरा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून असाच बूट करा आणि इन्स्टॉलऐवजी दुरुस्तीचा पर्याय घेऊन स्टार्टअप रिपेअर चालवा.