‘महासमीक्षा’ चालेल का?

विचारणा अशी आहे: पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर चालू आहे. त्यात ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ आणि ‘मेटा-अ‍ॅनॅलिसिस’ या दोन्हींसाठी ‘महासमीक्षा’ हा एकच शब्द वापरावा का? नमुन्याचे वाक्य असे दिले आहे: ‘या औषधाने गुडघेदुखी कमी होत नाही, हे अनेक चाचण्यांच्या महासमीक्षेत सिद्ध झाले आहे.’

एकच शब्द वापरू नये. ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधण्याचे आणि निवडण्याचे, दुसरे त्यांचे निष्कर्ष एकत्र तोलण्याच्या निव्वळ गणिताचे. पहिले झाल्यावर दुसरे करायचे की नाही, हे हाती आलेले अभ्यास बघूनच ठरते. दुखणे मोजण्याची रीत, औषधाची मात्रा, रुग्णांचे वय यांत फार तफावत असेल तर गणित टाळणे हाच शहाणपणा असतो, आणि तरीही आढावा पूर्णच मानला जातो.

‘समीक्षा’ हा शब्द मराठीत कवितेला, कादंबरीला चिकटलेला आहे. टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेत समीक्षेवर व्याख्यान आहे म्हटले, तर औषधांची चर्चा ऐकायला कोणी जाणार नाही. समीक्षेत समीक्षकाची नजर महत्त्वाची असते, आणि पहिल्या कामात तर ती नजर बाजूला ठेवण्यासाठीच सगळा खटाटोप असतो. प्रश्न आधी नेमका बांधायचा: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, कोणता परिणाम मोजायचा. आराखडा आधीच प्रॉस्पेरोसारख्या, अशा आढाव्यांसाठीच्या नोंदवहीत नोंदवायचा, म्हणजे निकाल बघून निकष बदलले तर ते लपत नाही. मग एकाहून अधिक डेटाबेस धुंडाळायचे. छापून न आलेल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही आपल्याकडची नोंदवहीही बघायची; भारतातल्या चाचण्यांची तिथे नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. आलेली यादी दोघांनी एकमेकांना न विचारता चाळायची, मतभेद झाला तर तिसऱ्याने निवाडा करायचा. छापून न आलेल्यांचा एवढा पाठपुरावा करण्याचे कारण असे की औषध लागू पडल्याची बातमी लवकर छापून येते, न पडल्याची कपाटात राहते. फक्त छापील अभ्यास घेतले तर औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसते. या दोषाला, म्हणजे ‘पब्लिकेशन बायस’ला, ‘पूर्वग्रह’ म्हणू नये, तो माणसाच्या मनात असतो. ‘प्रकाशनातला झुकाव’ म्हणावे.

म्हणून पहिल्या संज्ञेला ‘पद्धतशीर आढावा’. एखाद्या तज्ज्ञाने आपल्या अनुभवाच्या उंचीवरून विषयावर नजर फिरवून लिहिलेला लेख असतो, त्याला आपल्याकडे ‘सिंहावलोकन’ हा उत्तम शब्द आहेच. तो तिथेच ठेवावा.

आता ‘मेटा-अ‍ॅनॅलिसिस’. शब्द १९७६ मधला, जीन ग्लास या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाचा. कृती त्याहून जुनी आहे: कार्ल पिअरसन यांनी १९०४ मध्ये भारतातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रिटिश सैनिकांना टोचलेल्या विषमज्वराच्या लशीचे आकडे असेच एकत्र तपासले होते. ‘महाविश्लेषण’ म्हटले की फार मोठा अभ्यास असे वाटते, आणि प्रत्यक्षात दोन छोट्या चाचण्यांचेही मेटा-अ‍ॅनॅलिसिस होऊ शकते. ‘एकत्रित विश्लेषण’ कानाला बरे लागते, पण त्यातून सगळे रुग्ण एका पोत्यात ओतून मोजले असा समज होतो. तसे केले तर काय होते ते बघा (आकडे समजावण्यापुरते). सौम्य आजाराच्या चाचणीत नव्या औषधाने १०० पैकी ९० बरे झाले, जुन्याने ४०० पैकी ३४०. म्हणजे ९० टक्के आणि ८५ टक्के. तीव्र आजाराच्या चाचणीत नव्याने ४०० पैकी २००, जुन्याने १०० पैकी ४०. म्हणजे ५० आणि ४०. दोन्हीकडे नवे औषध सरस. आता सरसकट बेरीज करा: नव्याचे ५०० पैकी २९०, म्हणजे ५८ टक्के; जुन्याचे ५०० पैकी ३८०, म्हणजे ७६ टक्के. निकाल उलटला! नव्या औषधाच्या वाट्याला तीव्र आजाराचे रुग्ण जास्त आले, एवढेच त्याचे कारण. मेटा-अ‍ॅनॅलिसिसमध्ये आधी प्रत्येक चाचणीतला फरक त्या चाचणीच्या आतच काढतात, मग जिचा अंदाज अधिक नेमका तिला अधिक भार देऊन सरासरी घेतात.

त्यामुळे लेखात ‘अधिविश्लेषण’ लिहावे. अधिष्ठाता, अधिनियम यांतला ‘अधि’ सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि ग्लास यांना विश्लेषणांचे विश्लेषण हाच अर्थ हवा होता. माहितीपत्रकात मात्र संज्ञा टाळून ‘निष्कर्ष एकत्र तोलले’ असे क्रियापदानेच सांगावे. अभ्यासा-अभ्यासातल्या तफावतीला ‘विषमता’ म्हटले की गरीब-श्रीमंत आठवतात. शाळेत विषमांगी मिश्रण शिकलेल्याला ‘विषमांगता’ लगेच कळते.

नमुन्याच्या वाक्यातला ‘चाचण्या’ हाही निसरडा आहे. औषधाची चाचणी आणि रक्ताची चाचणी दोन्ही मराठीत चाचणीच. औषधाला ‘उपचार-चाचणी’ आणि रोगनिदानाला ‘तपासणी’ अशी वाटणी करावी. तपासणीच्या आढाव्यात येणाऱ्या ‘सेन्सिटिव्हिटी’ला ‘संवेदनशीलता’ म्हटले तर रुग्ण गोंधळतो. ‘आजार असलेल्या १०० जणांपैकी इतक्यांचा आजार तपासणीत सापडतो’ असे लिहावे, आणि ‘स्पेसिफिसिटी’ला ‘आजार नसलेल्या १०० जणांपैकी इतक्यांना तपासणी बरोबर नाही म्हणते’. हे दोन आकडे नेहमी जोडीने द्यावेत, कारण तपासणीचा उंबरठा (ज्या आकड्यापासून आजार आहे असे धरतात तो) खाली आणला की पहिला वाढतो आणि दुसरा घटतो.

सगळ्यात घातक चूक ‘सिद्ध झाले’ आणि ‘कमी होत नाही’ यांत आहे. ‘फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही’ आणि ‘फरक पडत नाही याचा पुरावा मिळाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. चाचण्या थोड्या आणि छोट्या असतील तर पहिलेच करता येते. दुसऱ्यासाठी, खरा फरक ज्या पल्ल्यात असावा असा अंदाज निघतो, त्या पल्ल्याची दोन्ही टोके ‘फरक नाही’ या रेषेच्या इतकी जवळ हवीत की रुग्णाला जाणवेल एवढा फरक त्यांत मावणारच नाही. पुराव्याची खात्री ‘ग्रेड’ पद्धतीत चार पायऱ्यांत सांगतात: उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. ती मूळ मजकुरात असेल तर भाषांतरात गाळू नये.

मूळ आढाव्यात चाचण्या छोट्या असतील आणि खात्री ‘कमी’ लिहिली असेल, तर वाक्य असे करता येईल: ‘या औषधाच्या उपलब्ध उपचार-चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला आहे. त्यांचे निष्कर्ष एकत्र तोलले असता औषधाने गुडघेदुखी कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. या निष्कर्षाची खात्री कमी आहे. पुढच्या चाचण्यांनी तो बदलू शकतो.’