वाचक विचारतात : पाच डॉलरच्या पोकर स्पर्धेत एक्का-राजा टाकायचा कधी?

ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात झालेल्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळायचे खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं ब्रिटन, ऑन्टारियो, न्यू जर्सी अशा ठिकाणच्या वाचकांची आहेत. तिथे परवानाधारक साइटवर खेळता येतं. सगळे प्रश्न टेक्सास होल्डेमचे आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, असं पोकर.

प्रश्न : साडेपाच डॉलरच्या स्पर्धा खेळतो. सलग वीस स्पर्धांत एकही बक्षीस नाही. साइट पत्ते लावते की माझंच चुकतंय? (लेस्टर)

वीस स्पर्धांवरून दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. मोठ्या स्पर्धेत साधारण १५ टक्के खेळाडूंना बक्षीस मिळतं. म्हणजे बेताच्या खेळाडूला एका स्पर्धेतून रिकाम्या हाताने उठण्याची शक्यता ८५ टक्के, सलग दहा वेळा तसं होण्याची सुमारे २० टक्के आणि सलग वीस वेळा सुमारे ४ टक्के. वर्षाला तीनशे स्पर्धा खेळणाऱ्याच्या वाट्याला अशी माळ बहुधा येतेच.

पत्ते लावल्याच्या शंकेपेक्षा फीकडे बघा. तुमच्या साडेपाचपैकी पाच डॉलर बक्षिसात जातात आणि अर्धा साइटकडे. बाकीच्यांइतकंच बरं खेळलात, तर दर स्पर्धेला सरासरी अर्धा डॉलर गेलाच. शे-दोनशे खेळाडूंच्या स्पर्धा असतील तर किमान शंभर प्रवेशांची रक्कम, म्हणजे ५५० डॉलर, बाजूला हवी. हजारोंच्या स्पर्धा असतील तर दोनशे प्रवेशांची. ती घरखर्चातली नको आणि संपली तर उसनवारी करून भरायचीही नाही. टर्बो स्पर्धांत ब्लाइंड (दर डावाआधीच्या सक्तीच्या चिप्स) भराभर चढतात, विचार करून खेळायला डावच उरत नाहीत. पैसे बेताचे असतील तर त्या टाळा.

प्रश्न : ब्लफ केलं की कोणीतरी कॉल करतंच (तेवढ्याच चिप्स टाकून टिकतंच), तेही तिर्रीच्या जोडीवर. ब्लफ लपवायचं कसं? (ब्रॅम्प्टन)

लपवू नका, करूच नका. छोट्या टेबलांवरची मंडळी पानं बघायला आलेली असतात. त्यांना पळवता येत नाही, पण त्यांच्याकडून पैसे मात्र घेता येतात. ही सवय बहुतेक दिवाळीतल्या तीन पत्तीतून येते. तिथे चाल वाढवत नेली की समोरचा घाबरून पॅक करतो. इथे तो पाच पानं उघडेपर्यंत बसून राहतो. (तिथलं ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं, इथलं ब्लाइंड म्हणजे पानं मिळण्याआधी सक्तीने टाकायच्या चिप्स. नव्या माणसाचा इथेही गोंधळ होतो.)

मग करायचं काय? चांगली पानं असतील तेव्हा मोठा आकडा लावायचा. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १,००० चा आहे, फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत) राणी आली आणि तुमच्याकडे एक्का-राणी आहे, तर ३०० कशाला? ७०० लावा. राणी-सत्तीवाला दोन्हींना सारखाच कॉल करतो. ब्लाइंड ५०/१०० (स्मॉल ५०, बिग १००) असताना दोघांनी नुसते १००-१०० टाकले असतील, तर त्याच एक्का-राणीवर ५०० करा : बिग ब्लाइंडची तिप्पट, शिवाय आधी आलेल्या प्रत्येकासाठी एक. उलट, अख्खा डाव गप्प राहून कॉल करणाऱ्याने रिव्हरवर (पाचव्या पानावर) अचानक रेझ केलं, म्हणजे आकडा वाढवला, तर तुमची एक जोडी टाकून द्या. अशा वेळी तो थापा मारत नसतो.

लहान जोडीच्या मोहाचंही एक गणित आहे. हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान मिळतं ते साडेआठ वेळांत एकदा. त्यासाठी रेझ कॉल करायचा तर दोघांकडेही कॉलच्या पंधरा-वीसपट चिप्स मागे हव्यात. पंचवीस बिग ब्लाइंडच्या स्टॅकवर (स्वतःकडच्या चिप्सवर) अडीच ब्लाइंडचा कॉल केला की मागे नऊपटच उरतात. तिथे चौकीची जोडी सरळ फोल्ड, म्हणजे टाकून द्या.

प्रश्न : नऊ जणांची एका टेबलाची स्पर्धा, पहिल्या तिघांना बक्षीस. चार उरलो होतो, सगळ्यांकडे सारख्याच चिप्स, प्रत्येकी दहा ब्लाइंड. स्मॉल ब्लाइंडवाल्याने ऑल-इन केलं (सगळ्या चिप्स लावल्या). मी बिग ब्लाइंडवर, हातात एक्का-राजा, वेगळ्या रंगांचे. कॉल केला, त्याच्याकडे नव्वीची जोडी निघाली, मी बाहेर. मित्र म्हणतात, नशीब वाईट. खरंच? (एडिसन, न्यू जर्सी)

नशीब थोडंसंच. मित्र चिप्स मोजतायत, पैसे मोजत नाहीत.

समजा बक्षिसाची एकूण रक्कम १०० डॉलर, वाटणी ५०, ३०, २०. चौघांकडे सारख्या चिप्स म्हणजे प्रत्येकाचा स्टॅक २५ डॉलरचा. तुम्ही एकाला बाहेर काढून चिप्स दुप्पट केल्यात, तर तुमचा स्टॅक ५० डॉलरचा होत नाही. कारण पहिला आला तरी ५० च मिळणार आणि पहिलं येणं अजून नक्की नाही. प्रत्येक क्रमांकाची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरून हिशेब केला की आकडा येतो ३८.३३. म्हणजे हरलात तर २५ जातात आणि जिंकलात तर १३.३३ येतात. उरलेले ११.६७ जातात कुठे? बाजूला बसलेल्या दोघांच्या खिशात. त्यांनी एक पानही न खेळता प्रत्येकी ५.८३ डॉलर कमावले.

आता तुमचा डाव. बिग ब्लाइंड आधीच टाकलेला होता, म्हणून फोल्ड केलं असतं तर नऊ ब्लाइंड उरले असते, त्यांची किंमत सुमारे २३.३४. कॉल परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता २३.३४ भागिले ३८.३३, म्हणजे जवळपास ६१ टक्के हवी होती. नुसत्या चिप्स मोजल्या असत्या तर ४५ टक्के पुरले असते (अँटी, म्हणजे ब्लाइंडशिवायची सक्तीची रक्कम, नाही असं धरलंय). सगळी चूक या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

वेगळ्या रंगांचा एक्का-राजा कोणत्याही दोन पानांविरुद्ध ६५ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे समोरचा डोळे मिटून ऑल-इन करणारा असेल तर कॉल बरोबर, पण नफा निसटताच. तो दहा डावांत एकदाच, निवडक पानांवर ऑल-इन करणारा असेल तर तुमची शक्यता ५८ च्या आसपास येते आणि एक्का-राजा टाकावा लागतो. एक्का-दश्शी तर कोणत्याही दोन पानांविरुद्धच ६३ च्या घरात असते. तिथे विचारात वेळ घालवू नका, सरळ फोल्ड करा. नव्वीच्या जोडीविरुद्ध तुम्ही ४५ टक्केच होतात, पण ते पान उघडल्यावर कळलं. त्याआधी तो माणूस सैल आहे की कडक हे पाहिलं होतंत का, हा खरा प्रश्न.

हेच गणित उलटं वापरा. कॉल करणाऱ्याला ६१ टक्के लागतात आणि आधी ऑल-इन करणाऱ्याला लोक पळतात त्याचेही पैसे मिळतात. म्हणून बबलवर (बक्षिसाला एकच जण जास्त उरलेला असताना) आधी ऑल-इन करणारा फायद्यात. एखाद्याकडे दीड-दोनच ब्लाइंड उरलेले असतील तर मात्र त्याला आधी जाऊ द्या.

प्रश्न : दहा ब्लाइंड उरल्यावर नेमकं कशावर ऑल-इन करावं? (लेस्टर)

पानांआधी जागा बघा. नऊ जणांत पहिलं बोलायचं असेल तर पंजीपासून वरच्या जोड्या, एक्का-दश्शी आणि वर, एका रंगाचे राजा-राणी. यादी थोडी कडकच आहे. बटनवर (दोन ब्लाइंडवाल्यांच्या लगेच आधीच्या जागेवर) असाल तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजा-नव्वी आणि वर, एका रंगाची नव्वी-अठ्ठीसारखी लागोपाठ पानं.

ब्लाइंड ५००/१,०००, बिग ब्लाइंडवाल्याने १,००० अँटी भरलेली. पॉटमध्ये २,५०० पडलेत. तुम्ही बटनवरून १०,००० लावता. कॉल झाल्यावर ३५ टक्केच जिंकणार असाल, तरी निम्म्या वेळा दोघंही पळाले की तोटा होत नाही. पण हे दहा ब्लाइंड हातात असेपर्यंतच. इतक्या चिप्सना बिग ब्लाइंडवाल्याला कॉलसाठी ४२ टक्के लागतात. वाट बघत चार ब्लाइंडवर आलात की त्याला ३२ टक्के पुरतात आणि तो जवळपास कोणतीही दोन पानं घेऊन बसतो. ‘चांगली पानं येऊ देत’ म्हणणारे नेमके इथे संपतात.

प्रश्न : डोक्यावर बक्षीस असलेल्या, पीकेओ स्पर्धेत कॉल किती सैल करावा? (ब्रॅम्प्टन)

आधी बघा, समोरच्यापेक्षा तुमच्याकडे जास्त चिप्स आहेत का. नसतील तर तो बाहेर जात नाही आणि त्याच्या डोक्याचे पैसे मिळत नाहीत. असतील तर ते पैसे चिप्समध्ये मोजा. फी सोडून दहा डॉलरच्या स्पर्धेत पाच बक्षिसात, पाच डोक्यावर. माणूस बाहेर काढला की अडीच लगेच हातात, अडीच तुमच्या डोक्यावर चढतात. सुरुवातीच्या १०,००० चिप्स म्हणजे बक्षिसातले पाच डॉलर धरले, तर हातातले अडीच म्हणजे ५,००० चिप्स.

ब्लाइंड २००/४००, अँटी ४००, समोरच्याचं ऑल-इन ६,०००, स्मॉल ब्लाइंड फोल्ड, तुम्ही बिग ब्लाइंडवर. कॉल ५,६०० चा. एरवी ४४ टक्के लागले असते. डोक्याचे ५,००० मिळवले की ३२ टक्के पुरतात. हा हिशेब सुरुवातीच्या टप्प्याचा. पुढे चिप्स आणि डॉलर यांचं प्रमाण बदलतं, प्रत्येक डोक्याची रक्कमही वेगळी होते, तेव्हा तो नव्याने मांडावा लागतो.

प्रश्न : पुण्यात पैसे न लावता सराव होईल का? (पुणे)

फुकटच्या चिप्सवर लोक दर डावाला ऑल-इन करतात, तिथे शिकण्यासारखं थोडंच. त्यापेक्षा घरी कॅट घ्या. दोन पानं वाटा, चिठ्ठी काढून जागा ठरवा, स्टॅक दहा ब्लाइंड धरा आणि ऑल-इन की फोल्ड हे पाच सेकंदांत वहीत लिहा. पन्नास डाव झाले की ऑल-इनच्या तक्त्याशी किंवा गणकयंत्राशी ताडून पाहा. बहुतेकांच्या चुका स्मॉल ब्लाइंडच्या रकान्यात निघतात. दहा ब्लाइंडवर, बाकी सगळे पळाल्यावर, तिथून निम्म्याहून जास्त पानांवर ऑल-इन करायचं असतं आणि वहीत पाव पानांवरही केलेलं दिसत नाही.