मालदीवचं बेट की दक्षिण गोव्याचा रिसॉर्ट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला 25 वर्षं होतायत, डिसेंबरचा पहिला पंधरवडा, हाताशी सहा लाख रुपये. मालदीवला वॉटर व्हिलात (पाण्यावर बांधलेल्या बंगलीत) चार रात्री काढाव्यात की दक्षिण गोव्यात एखाद्या पंचतारांकित रिसॉर्टमध्ये आठवडाभर पाय पसरावेत? आणि अगदी शेवटी हळूच लिहिलंय, की सासूबाई (वय 74) 'कदाचित' बरोबर येतील.

अर्धं उत्तर त्या 'कदाचित'मध्येच आहे, पण ते नंतर.

मी दोन्हीकडे राहिले आहे. डिसेंबर 2023 मध्ये सासूबाईंना घेऊन दक्षिण गोव्यातलं वार्का, आणि नोव्हेंबर 2025 च्या शेवटी आम्ही दोघंच मालदीव. राहते ठाण्याला, पेशाने सीए, त्यामुळे माझ्या आठवणींना बिलं टाचलेली असतात. चालवून घ्या.

आधी मालदीव. तिथली रीत 'एक बेट, एक रिसॉर्ट' अशी. 1972 मध्ये कुरुंबा हा पहिला रिसॉर्ट निघाला, तेव्हापासून एकेक निर्मनुष्य बेट एकेका हॉटेलवाल्याला भाडेपट्ट्याने मिळत गेलं. म्हणजे तुम्ही ज्या बेटावर उतरता तिथे गाव नाही, दुकान नाही, रिक्षा नाही, शेजारी नाही. आमच्या बेटाला फेरी मारायला मला चौदा मिनिटं लागली, तीही शिंपले वेचत. पहिल्या दिवशी हे स्वर्गासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "चल, जरा बाहेर जाऊन येऊ," आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. बाहेर म्हणजे हिंदी महासागर.

पोचण्याचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण तिथे आमचा पोपट झाला. मुंबईहून राजधानी माले तीन तासांच्या आत-बाहेर. पुढे जवळच्या बेटांना स्पीडबोट, लांबच्यांना सीप्लेन. ही ट्विन ऑटर विमानं फक्त उजेडात उडतात. दुपारी साडेतीन-चारनंतर उतरलात तर त्या दिवशीचं शेवटचं उड्डाण बहुधा गेलेलं असतं. आमचं मुंबईचं विमान दोन तास उशिरा सुटलं. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या एका साध्या हॉटेलात काढली, तीही स्वखर्चाने, आणि तिकडे बेटावर आमची पैसे भरलेली व्हिला रात्रभर रिकामी. रिसॉर्टने एक दमडी परत केली नाही. अटींमध्ये तसं लिहिलं होतं, आणि अटी वाचायचा धंदा माझा! तेव्हा सकाळचं विमान घ्या किंवा स्पीडबोटीच्या अंतरावरचं बेट निवडा. सामानही सीप्लेनला माणशी 20 किलो आणि हातात 5. एवढं सगळं खरं असलं तरी ती पाऊण तासाची उडती सफर मी विसरणार नाही. वैमानिक अनवाणी होता, खाली निळ्या पाण्यावर दुधाच्या सायीसारखी गोल कडी तरंगत होती. ही कडी म्हणजे अ‍ॅटॉल. हा शब्दसुद्धा जगाला तिथल्या दिवेही भाषेनेच दिलेला.

आता बिल. वेबसाइटवर दिसतो तो भाव पुष्कळदा खरा नसतो, पुढे बारीक दोन अधिक चिन्हं असतात. समजा खोलीचा दर 600 डॉलर. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, झाले 660. या 660 वर 17 टक्के पर्यटन जीएसटी (जुलै 2025 पासून 17, त्याआधी 16), झाले 772.20. वर ग्रीन टॅक्स, 2025 पासून रिसॉर्टमध्ये माणशी रात्रीला 12 डॉलर, म्हणजे दोघांचे 24. सहाशेचे झाले 796. चार रात्रींचे 3,185, सीप्लेनचे दोघांचे जाऊन-येऊन हजार धरा. पावणेचार लाख रुपयांच्या आसपास इथेच संपले, आणि अजून तुम्ही दुपारचं जेवलेला नाहीत, मुंबईचं तिकीटही काढलेलं नाही. जेवणाच्या बाबतीत तिथे पर्याय नसतो. बेटावर जे मिळतं ते, सांगतील त्या भावाला. म्हणून फुल बोर्ड (नाश्ता आणि दोन्ही जेवणं) तरी घ्याच, घेणारे असाल तर ऑल इन्क्लुसिव्ह (पेयांसकट). घरून बाटली नेऊ नका, विमानतळावर कस्टम्सवाले काढून घेतात आणि परतताना देतात. टूर कंपनीकडून बुकिंग केलंत तर ती टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापेल. तो खर्च नव्हे, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तेवढी रक्कम आधी हातात हवी. व्हिसा मात्र फुकट, उतरल्यावर मिळतो. जाण्याआधी 96 तासांच्या आत इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तोही फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा.

एवढे पैसे कशाचे देतो आपण? मला ते दुसऱ्या सकाळी साडेसहाला कळलं.

आमच्या यांना पोहता येत नाही. वय 54, कमरेइतक्या पाण्याच्या पुढे कधी गेलेले नाहीत. तिथल्या पोराने त्यांना लाइफ जॅकेट चढवलं, तोंडाला मास्क लावला आणि हात धरून किनाऱ्यापासून तीसेक मीटरवर नेलं. तिथे लगून, म्हणजे किनाऱ्यालगतचं उथळ शांत पाणी, संपतं आणि प्रवाळाचा कडा थेट खाली निळ्या अंधारात उतरतो. याला हाऊस रीफ म्हणतात. मी शेजारीच तरंगत होते. डोकं पाण्यात घातलं आणि सगळ्यात आधी आवाज आला, कुणीतरी कडक चकली खात असावं तसा, कटाक् कटाक्. पोपटमासा प्रवाळाचे लचके तोडत होता. हा मासा प्रवाळ चावून दळतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो, मालदीवच्या शुभ्र किनाऱ्यातला मोठा वाटा त्याचा. (परत आल्यावर हे भेटेल त्याला सांगतात, की आम्ही सत्तर हजार रुपये रात्र देऊन माशाच्या शीवर झोपून आलो.) मग खालून एक कासव निघालं, आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेलं. यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठीचा वळ उठला. बाहेर आल्यावर दहा मिनिटं काही बोलले नाहीत. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला असं गप्प पाहिलं नव्हतं.

असं पाणी गोव्यात मिळणार नाही, आणि त्यात गोव्याचा दोष नाही. मालदीवला नद्याच नाहीत, गाळ येणार कुठून? शिवाय प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते. गोव्याला मांडवी, झुवारी, साळ अशा नद्या माती आणून ओततात आणि अरबी समुद्राच्या लाटा थेट किनाऱ्यावर आपटतात. गोव्यात समुद्र बघायचा, त्याच्या काठाने चालायचं, लाटा अंगावर घ्यायच्या. आत डोकं घालून काही दिसायचं नाही.

पण मालदीवचं सगळंच प्रवाळ जिवंत आहे असंही नाही. 1998, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं. काही ठिकाणी ते सावरतंय, काही ठिकाणी व्हिलाखाली नुसते राखाडी दगड. आणखी एक मेख आहे: फोटोत जो फिकट हिरवा, काचेसारखा लगून दिसतो, वॉटर व्हिला त्यावरच बांधतात, आणि असा लगून जितका पसरट, तितकं रीफ लांब. म्हणजे सुंदर फोटोवालं बेट पोहणाऱ्यासाठी बऱ्याचदा निकामी.

जेवणाबद्दल एकच सांगते. बुफेच्या कोपऱ्यात एका लहानशा भांड्यात 'मास हुनी' असायचं: टुना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने कुस्करलेलं, आणि सोबत 'रोशी', म्हणजे आपली पोळीच. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. आम्ही दोघं रोज तेच खायचो. बाकी इटालियन, जपानी वगैरे होतं, चौथ्या दिवशी मेनू पाठ झाला होता.

आता वार्का. बाणावली, वार्का, केळशी, मोबोर हा सगळा गोव्यातल्या साष्टी तालुक्याचा लांबलचक सलग किनारा. इथले रिसॉर्ट बेटासारखेच ऐसपैस, बाग, तळी, गोल्फच्या गाड्या, पण मागच्या बाजूला सुरूच्या झाडांतून एक फाटक असतं. फाटकाबाहेरची वाळू कुणाच्या मालकीची नाही, तिथे कुणीही फिरू शकतं. मालदीवला जाणाऱ्यांना नेमकं हेच नको असतं. माझ्या सासूबाईंना तेच हवं होतं.

आम्ही वंदे भारतने गेलो, ठाण्याला पहाटे बसलो आणि दुपारी मडगाव. तिथून टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत खोलीत. विमानाने जाणार असाल तर दाबोळीचं तिकीट काढा. मोपा उत्तर टोकाला आहे, तिथून दक्षिणेत यायला दोन तास आणि टॅक्सीचं भाडं ऐकून आणखी दोन मिनिटं. खोलीचा दर आम्हाला 24,000 पडला, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 28,320, नाश्ता धरून. बाहेर जेवता येतं हा केवढा मोठा फरक आहे हे सीएला विचारा. फाटकाबाहेर दोनशे पावलांवर शॅक होता. तिथे रेशाद मसाला भरलेला बांगडा, भात, सोलकढी. हॉटेलात तोच बांगडा पानाच्या द्रोणात ठेवून चौपट भावाने मिळत होता आणि चवीला निम्मा होता.

सासूबाई तेव्हा 79 च्या. पहिल्या सकाळी सहाला खोलीत नाहीत. मी घाबरून शोधत निघाले. फाटकावरचा रखवालदार हसत म्हणाला, आजी तिकडे गेल्या. तिकडे रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढत होते, दोन्ही बाजूंनी दहा-दहा माणसं दोर खेचतायत, आणि या एका होडीच्या काठाला टेकून टोपलीवाल्या बाईशी बांगड्याच्या भावावरून हुज्जत घालतायत. ती कोंकणीत, या मालवणीत. घ्यायचं काहीच नव्हतं. पाच दिवस रोज सकाळी हाच कार्यक्रम. हॉटेलचा स्पा, तरणतलाव, फुलांच्या पाकळ्या, कशाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "जागा छान आहे हो तुमची, मासेही ताजे आहेत," एवढंच प्रशस्तिपत्र.

गोव्याची खोट कुठली, तर लग्नं. आमच्या पाच दिवसांत त्या रिसॉर्टमध्ये दोन लग्नं झाली. स्वागतकक्षात ढोल, नाश्त्याला दीडशे माणसांची रांग, तळ्याभोवती संगीत. उघड्यावरचे भोंगे रात्री दहाला बंद करावे लागतात म्हणून निभावलं. बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही. "आमच्या तारखांना हॉटेलात लग्न आहे का?" असं लेखी विचारा, आणि असेल तर दुसरं हॉटेल बघा. पंचविसाव्या वाढदिवसाला दुसऱ्याचं लग्न कशाला बघायचं?

तारीख तुम्ही चांगली निवडलीय. मालदीवला ईशान्य मोसमाचे कोरडे दिवस सुरू होत असतात, गोव्यात हवा उत्तम. 20 डिसेंबरनंतर दोन्हीकडचे भाव गगनाला भिडतात आणि नाताळ-नवीन वर्षाच्या सक्तीच्या मेजवानीचे पैसे वेगळे लावतात, ते टळेल.

आता ते 'कदाचित'. सासूबाई येणार असतील तर गोवा, पुढे बोलायलाच नको. सीप्लेनची डुगडुगती शिडी, व्हिलाच्या पायऱ्या थेट समुद्रात, मोठ्या इस्पितळासाठी मालेच गाठायचं, आणि त्यांच्याशी भांडायला एकही कोळीण नाही. तिसरी मोठी व्यक्ती बऱ्याच वॉटर व्हिलांत मावतही नाही, वेगळी व्हिला म्हणजे रात्रीला वेगळे 784 डॉलर. त्या येणार नसतील, आणि तुम्हा दोघांपैकी एकाला तरी पाण्यात डोकं घालायची हौस असेल, तर मालदीव, पण चारच रात्री. पाचवी मोहाने वाढवू नका, ते पैसे जवळचं बेट घ्यायला वापरा. पाण्याची हौस दोघांनाही नसेल, नुसतं शांत बसायचं असेल, तर मी तरी मालदीवला एवढे पैसे घालणार नाही.

मालदीव ठरलं तर चार-पाच रिसॉर्टना एकच मेल टाका: हाऊस रीफ किनाऱ्यापासून किती मीटरवर आहे? मी पाच ठिकाणी विचारलं होतं. तिघांनी 'आमचा लगून अतिशय रमणीय आहे' असं कळवलं, एकाने उत्तरच दिलं नाही, आणि एकाने लिहिलं, 'जेटीच्या डाव्या हाताला 30 मीटर, भरतीला जा.' आम्ही तिथे गेलो.