कांदळवनात शिरताना मागे कोणाला सांगून जाणार?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गुहागरची मुलगी, खेकड्यांवर पीएच.डी., आणि आता तीन महिने ब्राझीलच्या पारा राज्यातल्या कांदळवनात. तू विचारलंयस, ब्राझील सुरक्षित आहे का, विमा कोणता घेऊ, आणि आई-बाबांची समजूत कशी घालू. शेवटी सहज एक वाक्य लिहून गेलीस: "समुद्राकाठीच वाढले आहे, त्यामुळे पाण्याची भीती नाही." मला काळजी वाटली ती या वाक्याची, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

मी रत्नागिरीची. शाळेत असताना भाट्याच्या खाडीत मावशीबरोबर तिसऱ्या (शिंपले) काढायला जायचे. भरतीची वेळ काढायला मावशीला घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. तूही हेच शिकली असशील. पुढे नोकरीत असताना मी ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीच्या मुखाशी गाळाचे नमुने घ्यायला गेले, ते हेच शहाणपण पदरात बांधून. आपल्या रत्नागिरीकडे मोठ्या उधाणालासुद्धा पाणी जेमतेम तीन मीटर चढतं-उतरतं. तिथे उधाणाला हा फरक १४ मीटरच्या आसपास जातो. वेळापत्रक खिशात होतं, आकडा वाचलाही होता, पण तो पायांना कळला नव्हता.

मी आणि एक सहकारी सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी चालत आत गेलो. परतताना माझा उजवा पाय मांडीपर्यंत रुतला. ओढायला लागले तसा डावाही रुतला. मावशीचं एक बरं आठवलं: रुतलीस तर उभी राहू नको, आडवी हो. पाठीवर पडून, पाय हळूहळू फिरवत सोडवले. एक बूट आतच राहिला. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि तेवढ्यात मागचा ओहोळ भरला. पाणी पुढून येईल म्हणून आम्ही समुद्राकडे बघत होतो, ते आलं पाठीमागून. लांबचा वळसा घालून, एका पायात मोजा, अशी बाहेर आले. फोन भिजून बंद.

खरी गोष्ट पुढेच आहे. रात्री नऊला खोलीवर पोचलो, तर आम्ही परतलो नाही हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. जोखमीचा फॉर्म भरलेला होता, चांगला चार पानी, सहीशिक्क्यासकट. 'संपर्क व्यक्ती' म्हणून ज्यांचं नाव होतं ते त्या आठवड्यात रजेवर होते. फॉर्म कपाटात होता आणि आम्ही चिखलात.

म्हणून तुझ्या तयारीत पहिलं काम हे: रोज तुझी वाट बघणारं एक माणूस तिथे हवं. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून होडी बाहेर पडते तेव्हा कोण गेलं आणि कधी यायचं हे बंदरावर कोणाला तरी ठाऊक असतं. वेळ टळली की तो चौकशी सुरू करतो, तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या फोनची वाट बघत बसत नाही. तुझी व्यवस्था तशीच असू दे. समजा, संध्याकाळी सहाला 'आले' असा निरोप. नाही आला तर साडेसहाला त्या माणसाने तुला आणि होडीवाल्याला फोन करायचा. सातपर्यंत पत्ता नसेल तर यजमान प्राध्यापकांना, आणि लगेच १९३ ला. तिथे अग्निशमन दलाचा हा नंबर आहे, शोध आणि सुटकेचं कामही तेच करतात. पाण्यातल्या अपघातासाठी नौदलाचा १८५, रुग्णवाहिका १९२, पोलीस १९०. कधी काय करायचं हे आधी ठरलेलं असलं की "अजून थोडी वाट बघू" म्हणत कोणी तास घालवत नाही.

हे काम बाबांकडे देऊ नकोस. पारात संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा गुहागरात रात्रीचे अडीच वाजलेले असतात. साडेआठ तासांचा फरक आहे. बिचारे जागत बसतील, आणि खरंच काही झालं तर त्यांना पोर्तुगीजही येत नाही. त्यांना तुझा निरोप सकाळी उठल्यावर दिसेल असं ठरव. त्यांच्याकडे एक कागद मात्र असू दे: पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, विम्याचा क्रमांक, यजमानांचे दोन नंबर, राहण्याचा पत्ता.

तिथल्या पाण्याबद्दल थोडं. पाराच्या त्या किनाऱ्यावर उधाणाला चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो, आणि पाऊणपटीचं गणित तिथे चालणार नाही, कारण चंद्र तोच असला तरी भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते. ब्राझीलचं नौदल भरती-ओहोटीची कोष्टकं काढतं, ती घे. त्यात जवळच्या बंदराची वेळ असते. तुझ्या खाजणातल्या आतल्या फाट्यावर पाणी त्याहून किती उशिरा पोचतं हे तिथल्या खेकडे पकडणाऱ्यांना विचार. पहिला आठवडा नमुने घेऊच नकोस, त्यांच्याबरोबर नुसती फीर. तुझे पीएच.डी.चे गाइड कुरकुर करतील, करू देत. आणि एकटी आत जायचं नाही, अर्ध्या तासासाठीसुद्धा.

आता एक अवघड विषय. तुझ्या आईच्या मनात तो असणार आणि ती बोलणार नाही. क्षेत्रकामात मुलींना त्रास होतो तो बहुतेक वेळा अनोळखी गुंडाकडून होत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात क्षेत्रकाम करणाऱ्या ६६६ जणांना विचारलं होतं. ६४ टक्क्यांनी लैंगिक छळाचा अनुभव आल्याचं सांगितलं, आणि स्त्रियांच्या बाबतीत त्रास देणारे बहुतांशी त्यांच्याच चमूतले वरिष्ठ होते. होडी त्यांची, जेवण त्यांचं, शिफारसपत्रही त्यांचंच, मग बोलणार कुठे? म्हणून दोन गोष्टी स्वतःच्या हातात ठेव. परतीच्या तिकिटापुरते पैसे तुझ्या स्वतःच्या खात्यात, कोणाची परवानगी न लागता काढता येतील असे. आणि इथल्या विभागातली एक व्यक्ती, जी तुझ्या गाइडच्या हाताखाली नाही, तिला आधीच सांगून ठेव की मी 'परत येते' म्हटलं तर कारण न विचारता मदत करा. राहण्याच्या खोलीला आतून कडी आहे का हे निघण्यापूर्वी विचार. विचारायला लाज वाटते, मलाही वाटायची.

विम्याचं थोडक्यात. साधा प्रवासी विमा पर्यटकांसाठी असतो. होडीतून आणि चिखलात केलेलं काम त्यात बसतं का, दुर्गम जागेहून मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च मिळतो का, हे ईमेलने विचार आणि उत्तर जपून ठेव. फोनवर एजंट सगळ्याला हो म्हणतो. तिथल्या सरकारी दवाखान्यात तातडीचे उपचार परदेशी माणसालाही फुकट मिळतात, पण तुझ्या जागेपासून दवाखाना किती तासांवर आहे हे बघ.

पीतज्वराची लस जाण्याच्या किमान १० दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घे. लस घेतल्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टबरोबर ठेव, कारण ते परतताना भारतातही मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. नमुने गोळा करण्याची परवानगी यजमान संस्थेकडून हातात पडल्याशिवाय पर्यटक व्हिसावर जाऊन "बघू पुढे" असं अजिबात करू नकोस.

परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नाव नोंदव. आपला दूतावास ब्राझिलियात आणि वाणिज्य दूतावास साओ पावलोत, दोन्ही तुझ्यापासून हजार किलोमीटरहून लांब. पासपोर्ट हरवला तर ते उपयोगी, चिखलात रुतलीस तर नाही.

राहिला प्रश्न ब्राझील सुरक्षित आहे का. पाराची राजधानी बेलें, त्या शहरात रस्त्यावर फोन हातात धरून चालू नकोस, कोणी मागितला तर देऊन टाक, आणि नोंदी रोज रात्री दुसरीकडे उतरवून ठेव म्हणजे फोनबरोबर प्रबंध जाणार नाही. दोन कार्डं दोन वेगळ्या पिशव्यांत. शहराबद्दल एवढं पुरे.

तुझा यजमान चमू किती जणांचा आहे आणि रोजचा होडीवाला एकच असणार का, ते लिही. त्यावरून वाट बघणारं माणूस कोण असावं ते ठरवू. आणि गमबूट इथून विकत घेऊन जाऊ नकोस. तिथले लोक पायात काय घालतात ते बघून घे.