वरच्या फ्लॅटचा आवाज येतो म्हणून फॉल्स सीलिंग करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहता. वरच्या घरातून रात्री अकरानंतर खुर्च्या ओढल्याचा, मुलं धावल्याचा आवाज येतो, पहाटे मिक्सर, आणि मधूनच गोट्या घरंगळल्यासारखं काहीतरी. मुलगी दहावीला आहे. एका कॉन्ट्रॅक्टरने हॉल आणि बेडरूमला फोम लावून फॉल्स सीलिंग करायचं कोटेशन दिलंय. ते करावं का, आणि वरच्यांशी भांडण न होता बोलावं कसं?

मी इंटिरिअरची कामं घेतो, म्हणजे ‘करा’ म्हणण्यात माझ्या धंद्याचा फायदा. तरी सांगतो, आत्ता करू नका. तुम्ही सांगितलेले बहुतेक आवाज त्यांच्या फरशीवर काहीतरी घासल्या-आपटल्याने होतात. अशा आवाजाचा इलाज तुमच्या छताला नसतो, त्यांच्या फरशीवर असतो. आणि तो तुमच्या कोटेशनपुढे चिल्लर खर्चाचा आहे. अट एकच, त्यासाठी वरच्यांनी दार उघडून तुम्हाला आत घ्यायला हवं.

कारण सांगतो. आवाज तुमच्यापर्यंत दोन वाटांनी येतो. एक हवेतून: बोलणं, टीव्ही, कुत्र्याचं भुंकणं. त्याच्या आड वजनदार वस्तू आली की तो बराचसा अडतो. तुमच्या डोक्यावरचा पाच इंची काँक्रीटचा स्लॅब हे काम चोख करतो, म्हणूनच वरच्यांचं बोलणं तुम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत नाही. दुसरी वाट इमारतीच्या हाडांतून. खुर्चीचा लोखंडी पाय व्हिट्रिफाइड टाइलवर घासला की टाइल, खालचा सिमेंट-वाळूचा माल, स्लॅब, बीम, कॉलम, भिंती सगळं थरथरतं आणि तुमच्या खोलीची प्रत्येक बाजू स्पीकर होते. फक्त छत झाकलं तर चार भिंती उरतातच. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून, भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. तिथे शेजारच्यांचं बोलणं छान अडतं, पण अकराव्या मजल्यावर ड्रिल लागलं की सातव्यावरच्या माणसाला ते आपल्याच डोक्यावर चाललंय असं वाटतं.

म्हणून आधी आवाज कुठून येतो ते नक्की करा. रात्री पंखे बंद करा, खिडक्या लावा आणि ऐका; मग खिडक्या उघडून ऐका. खिडकी लावल्यावर आवाज ठळक कमी झाला तर तो बाहेरून हवेतून येतोय. काहीच फरक पडला नाही तर भिंतीला कान लावा. भिंतीत तो खोलीइतकाच किंवा जास्त स्पष्ट वाजत असेल तर तो ढाच्यातून येतोय. आणि ढाच्यातून येणारा आवाज बरोबर वरच्याच घरातला असेल याची खात्री नाही. तिरक्या कोपऱ्यातल्या फ्लॅटचा पाटा-वरवंटा वरच्यांच्या नावावर खपलेला मी पाहिलाय.

गोट्यांचं तर बोलायलाच नको. ‘वरची मुलं रात्री दोनला गोट्या खेळतात’ ही तक्रार जवळपास प्रत्येक सोसायटीत आहे, आणि वर राहतात दोन पेन्शनर. असा आवाज बऱ्याचदा पाइपांचा असतो. नळ किंवा फ्लशचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला की धावतं पाणी अडतं, त्याचा दणका पाइपातून मागे जातो आणि सैल क्लॅम्पमधला पाइप भिंतीवर टकटक आपटतो. कुणाच्या बाथरूमला प्रेशर पंप बसवलेला असला तर आणखीनच. प्लंबरला घेऊन डक्टमधले, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतले, क्लॅम्प बघा. पाइप आणि क्लॅम्पच्या मध्ये रबराची पट्टी घालून आवळले की हा आवाज पुष्कळदा जातो.

आता खुर्च्या. वर गेलात की डायनिंगची एक खुर्ची उलटी करून बघा. पाय लोखंडी पाइपचे असतील तर तळाची प्लास्टिकची बुचं झिजून पाइपची कड बाहेर आलेली दिसेल, आणि खाली टाइलवर राखाडी ओरखडे. लाकडी असतील तर खिळ्याची घुंडी असते, तीसुद्धा तेवढीच वाजते. फेल्टचे चिकट गोल तुकडे स्वस्त मिळतात पण रोज फरशी ओली पुसणाऱ्या घरात ते निघतात आणि त्यात केस-कचरा अडकून बसतो. त्यापेक्षा पायात चढवायचे रबरी बूट घ्या. पायाची बाहेरची जाडी मोजून हार्डवेअरच्या दुकानात जा, किंचित घट्टच घ्या. सैल बूट आठवड्यात निघतात. घरी झोपाळा असेल तर कड्यांना ग्रीस लावा. स्लॅबमध्ये गाडलेल्या हुकातून ती करकर थेट खालच्यांच्या पंख्याच्या हुकापर्यंत पोचते.

मिक्सर स्वतः गोंगाट करतोच, पण खाली जाणारी घरघर त्याच्या पायांतून जाते. ओट्याचा ग्रॅनाइट कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर टेकलेला असतो आणि भिंतीत खोचलेला असतो. जुन्या मिक्सरचे रबरी पाय कडक दगड झालेले असतात. ते बदला, खाली बोटभर जाडीचा रबराचा तुकडा ठेवा आणि मिक्सर भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. वॉशिंग मशीनलाही हेच, फक्त आधी ते चारही पायांवर नीट टेकलंय का बघा. तीन पायांवर डुगडुगणारं मशीन कुठल्याही पॅडला दाद देत नाही. खलबत्ता असेल तर खाली चौघडी घातलेलं गोणपाट.

मुलांच्या धावण्याचं मात्र खरं सांगतो, हे सगळ्यात अवघड. खेळणं पडल्याचा टणत्कार जाड फोमच्या मॅटने जातो. धावण्याची धपधप खालच्या पट्टीतली असते. तिथे अख्खा स्लॅबच किंचित वाकत असतो, त्यामुळे मॅटने ती थोडी कमी होते, जात नाही. सतरंजीने तर काहीच होत नाही. इथे वेळ ठरवून घेणं आणि खेळायची खोली बदलणं एवढंच हातात आहे. बहुतेक इमारतींत वरखाली नकाशा एकच असतो, म्हणजे त्यांच्या हॉलखाली तुमचा हॉल. मुलीचं टेबल हॉलमध्ये असेल तर ते वरच्यांच्या बेडरूमखाली हलवा. वरचे झोपतात तिथे खालचा अभ्यास होतो, आणि याला कुणाची परवानगी लागत नाही.

बोलायचं कसं? रात्री अकराला तापलेल्या डोक्याने वर जाऊ नका, झाडूच्या दांड्याने छत ठोकू नका (तुमचंच पीओपी पडेल), आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘काही सदस्य’ अशी सुरुवात असलेला मेसेज तर मुळीच टाकू नका. त्यातले ‘काही’ कोण ते सगळ्यांना कळतं आणि मग माणूस हट्टाला पेटतो. रविवारी सकाळी नाश्त्यानंतर जा, दोघं जा. मुलांपासून सुरुवात करू नका. ‘तुमची मुलं’ हे दोन शब्द ऐकले की समोरची आई वकील होते. खुर्चीपासून सुरुवात करा, खुर्चीचा कुणाला अपमान वाटत नाही.

सगळ्यात उपयोगी पडते ती युक्ती अशी: ‘वहिनी, दोन मिनिटं खाली येता का? आमचा मुलगा इथे तुमची खुर्ची जरा ओढेल, तुम्ही आमच्या हॉलमध्ये उभ्या राहून ऐका.’ बहुतेक लोकांना आपला आवाज खाली कसा पोचतो याची कल्पनाच नसते, कारण त्यांच्या खोलीत तो फारसा मोठा नसतो. कोथरूडला एका कामावर असंच केलं होतं. खालच्यांची तक्रार होती, वरच्या बाई मुद्दाम काठी आपटतात. वर गेलो तर आजी वॉकर घेऊन चालत होत्या. वॉकरच्या चार पायांपैकी दोघांचं रबर फाटून अॅल्युमिनियम थेट टाइलवर पडत होतं. सून खाली येऊन ऐकून गेली आणि संध्याकाळी सर्जिकल दुकानातून चारही नवीन टोपणं आली. तोपर्यंत आजींना फरशीवरून घसरायचा धोका होता तो वेगळाच.

मागणी मात्र नेमकी ठेवा. ‘आवाज करू नका’ ही मागणी कुणालाच पाळता येत नाही. ‘दहानंतर खुर्च्या ओढण्याऐवजी उचलून ठेवाल का, आणि मार्चपर्यंत मिक्सर सहानंतर लावाल का’ हे पाळता येतं. रबरी बूट तुम्हीच घेऊन जा. पैसे त्यांनी द्यायला हवेत हे तत्त्वतः बरोबर आहे, पण दहावीच्या वर्षात तत्त्वापेक्षा झोप स्वस्त पडते. आणि जाण्याआधी एकदा दुसऱ्या मजल्यावर डोकावून या. तुमच्याही खुर्च्या कुणाच्या तरी डोक्यावर आहेत.

हवेतून येणारा आवाज मात्र तुमच्याच घरात अडवता येतो, आणि तिथे सगळा खेळ फटींचा आहे. भिंत कितीही भक्कम असू द्या, तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी आरपार उघडं राहिलं तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. चांगली वीटभिंत त्याच्या दुपटीहून जास्त अडवते. म्हणून मुख्य दाराखालची फट आधी बंद करा, चौकटीला रबरी गॅस्केट लावा. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कडेचा ब्रश झिजलेला असतो, तो नवा घाला. रस्त्याचा आवाज फारच असेल तर सरकती काढून बाहेर उघडणारी गॅस्केटवाली खिडकी आणि लॅमिनेटेड काच, पण तो मोठा खर्च आहे. शेजारच्या फ्लॅटचा टीव्ही ऐकू येत असेल तर सामाईक भिंतीतले स्विचबोर्ड बघा. चार इंची भिंत दोन्हीकडून एकाच जागी खोदली असेल तर मध्ये फक्त दोन पत्र्याचे डबे उरतात. इलेक्ट्रिशियनकडून शेजारच्या बाजूचाही वीजपुरवठा बंद करून त्या डब्यांमधली जागा मालाने भरून घ्या. पडदे लावा, छान दिसतात, खोलीतला घुमारा कमी होतो. बाहेरचा आवाज त्यांनी अडत नाही.

कायद्याचं विचाराल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मर्यादेपेक्षा १० किंवा अधिक डेसिबल आवाज असेल, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग होत असेल, तर तक्रार करता येते. रात्री लाउडस्पीकरला बंदी आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. गच्चीवरचा डीजे साडेअकरालाही चालू असेल तर ११२ फिरवायला अजिबात संकोच करू नका. निवासी भागात रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रंही चालवता येत नाहीत. पण खुर्ची आणि पावलं यांसाठी पोलिसांना बोलावलंत तर ते दोघांनाही समजावून निघून जातील आणि जिन्यात तोंड चुकवणं उरेल. त्यासाठी सोसायटीच्या समितीला लेखी पत्र पुरे. इतर सभासदांना उपद्रव होऊ नये अशी तरतूद सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) आहेच. फ्लॅटमध्ये तोडफोडीचं काम निघालं तर वेळा आणि दुपारची सुट्टी समितीने परवानगीच्या पत्रातच लिहून द्यायची.

एवढं करून महिना-दीड महिना बघा. तरी त्रास उरलाच आणि सीलिंग करायचंच ठरलं तर निदान कामाचं करा. तो खाचाखाचांचा फोम स्टुडिओतला घुमारा शोषण्यासाठी असतो, आवाज अडवायला त्याला वजनच नाही, शिवाय साधा फोम भडकन पेटतो. नुसतं पोकळ पीओपी स्लॅबला घट्ट बांधलं तर ते डग्ग्यासारखं घुमून धपधप आणखी वाढवू शकतं. हवं ते असं: सीलिंग टांगायला रबर बसवलेले हँगर, पोकळीत किमान ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), खाली साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येऊ देता, भिंतीलगतची फट लवचीक सीलंटने भरलेली. स्पॉटलाइटसाठी भोकं पाडायची नाहीत. पंख्याच्या रॉडभोवतीचं भोकही बंद करायचं, पण रॉड बोर्डला चिकटू द्यायचा नाही. यात सहा इंच उंची जाईल, आणि भिंतींतून येणारा भाग तरीही येत राहील. कॉन्ट्रॅक्टरला फक्त विचारा, ‘हँगरला रबर आहे का आणि बोर्ड किती थर?’ उत्तर ‘फोम लावतोय ना साहेब’ असं आलं तर कोटेशन परत द्या.