गिरणी कामगारांचं दप्तर हाताळताना

गठ्ठा सुटला की लगेच कागद तारखेनुसार लावायला घेऊ नकोस. बांधलेला क्रम आधी लिहून काढ. वर्गणीच्या पावत्यांत एखादं हँडबिल का खोचलंय, ते शेजारच्या कागदांवरूनच कळतं. माझ्या हातून एकदा असा गठ्ठा विस्कटला, अजून हळहळ वाटते. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. नोंदी पेन्सिलीनं कर.

आणि युनियनच्या कपाटावरच विसंबू नकोस. मुंबईच्या गिरण्यांतल्या १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियनच घे. मार्च १९२९ मध्ये तिच्या पुढाऱ्यांना पकडून मेरठ खटल्यात, म्हणजे ब्रिटिश सरकारनं कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या कटाच्या खटल्यात गोवलं. झडतीत नेलेले कागद पुरावा म्हणून कोर्टात गेले. चळवळ मोडायला निघालेल्यांच्याच फायलींनी तिची पत्रं जपली, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. म्हणून काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, म्हणजे सरकारी जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात जाऊन बस. १९२१ पासूनचं सरकारी ‘लेबर गॅझेट’ही बघ, संपांचा हिशेब त्यात सापडतो.

१८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपाचे कागद मात्र घराघरांतल्या ट्रंकांत आहेत. लालबाग-परळच्या चाळींत जाशील तेव्हा ते मागून आणू नकोस. तिथंच बसून फोटो काढ, आजी-आजोबांना फोटोतली माणसं विचार, नावं त्यांच्यासमोरच लिहून घे. पावसाळ्याआधी जा.