वाचकांचे प्रश्न : ॲम्प्लिफायरची ताकद वाढवताना

प्रश्न : घरी टीडीए 2030 आयसीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे. ट्रान्सफॉर्मर 12-0-12 (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना 12-12 व्होल्ट), 3 ॲम्पिअरचा; प्लस-मायनसला 2200 मायक्रोफॅरडचा एकेक कंडेन्सर. स्पीकर 8 ओहमचे. आवाज निम्म्यापुढे नेला की तबल्याच्या थापेला फाटतो, शिवाय सतत घरघर येते. सात-आठ हजारांत काय करता येईल? दुकानदार 200 वॅटचा बोर्ड सुचवतो.

उत्तर : आहे त्याच ट्रान्सफॉर्मरवर 200 वॅटचा बोर्ड लावलात, तर आवाजात फारसा फरक पडणार नाही. वॅट सप्लायमधून, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सरमधून येतात. तुमचा सप्लाय रिकामा असताना ±17-18 व्होल्ट दाखवेल (टीडीए 2030 ची कमाल मर्यादाच ±18 आहे), पण भार आला की तो खाली बसतो आणि 8 ओहमवर जेमतेम 8-9 वॅट मिळतात. त्यात 1 ॲम्पिअर ओढला गेला, की 2200 मायक्रोफॅरडवर सुमारे साडेचार व्होल्टची लहर (व्होल्टेजचा चढउतार) उठते. थाप फाटते ती इथेच.

म्हणून पैसा आधी सप्लायवर घाला. 18-0-18, 5 ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. जमल्यास टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा), त्याचे चुंबकीय क्षेत्र कमी पसरते. 25 ॲम्पिअरचा धातूचा ब्रिज (एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर), आणि दोन्ही बाजूंना 10,000 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचे कंडेन्सर. तीच लहर आता साधारण 1 व्होल्टवर येईल. प्रत्येक कंडेन्सरला समांतर 2.2 किलोओहम, 1 वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे बंद केल्यावर चार्ज साठून राहणार नाही.

यावर एलएम 3886 या ॲम्प्लिफायर आयसीचे दोन चॅनेल लावा. ±25 व्होल्टवर 8 ओहमला प्रत्येकी सुमारे 25 वॅट मिळतील. ऐकताना ही वाढ पाचएक डेसिबलची, पण थाप स्वच्छ येईल. या आयसीच्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या. ‘टी’ प्रकारात आयसीची धातूची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते. अभ्रकाची चकती न घालता हीटसिंकवर (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्टीवर) आवळली आणि हीटसिंक कॅबिनेटला टेकला, की शॉर्ट. ‘टीएफ’ प्रकाराची पाठ इन्सुलेटेड असते. सगळे जोडूनही आवाजच आला नाही तर 8 नंबरची म्यूट पिन बघा. तिच्यातून मायनसकडे किमान अर्धा मिलिॲम्पिअर वाहिला नाही तर आयसी गप्प बसतो. 22 ते 33 किलोओहमचा रेझिस्टर पुरतो. हीटसिंकमध्ये कंजुषी नको, प्रत्येक आयसी 15-16 वॅट उष्णता टाकू शकतो.

आता घरघर. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही ती तशीच राहिली तर दोष सप्लायचा किंवा ग्राउंडच्या वायरिंगचा; व्हॉल्यूमबरोबर वाढली तर इनपुटच्या वायरचा. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप (मधली 0 ची तार) आधी दोन्ही कंडेन्सरच्या सांध्यावर आणा. तिथून एक जाड वायर काढून एक बिंदू करा आणि स्पीकरच्या मायनस वायरी व बोर्डांचे ग्राउंड त्या एकाच बिंदूवर जोडा. इनपुटला शील्डेड वायर, आणि पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) धातूच्या अंगालाही ग्राउंड द्या. पॉट 50 किलोओहमचा लॉग प्रकारचा घ्या, लिनिअर नको. लिनिअर पॉटवर पहिल्या पाव फेऱ्यातच जवळजवळ सगळा आवाज येऊन जातो.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नका. मेनच्या फेज वायरमध्ये 60 वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घाला. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर ताबडतोब बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. मग मल्टिमीटरने आउटपुटवरचा डीसी मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर लावा. पैसे उरले तर स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड जरूर घ्या.

प्रश्न : सोल्डरिंग जमत नाही. टीपीए 3116 या ॲम्प्लिफायर आयसीचा तयार बोर्ड चालेल?

उत्तर : चालेल. 24 व्होल्ट, 5 ॲम्पिअरचा चांगला ॲडॅप्टर लावा. 26 च्या वर जाऊ नका. मात्र याचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे असते, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, म्हणून दोन्ही स्पीकरच्या मायनस वायरी एकमेकींना किंवा ग्राउंडला कधीही जोडू नका. जुन्या कॅबिनेटमध्ये त्या बहुधा एकत्रच असतात, त्या आधी सोडवून घ्या.